लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीची सुरुवात कोठून करावी?

पहाटपाखरू (प्रश्नकर्ता)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी 10 मीटर एअर रायफलचा नियमित सराव करीत आहे. उभ्याने शरीराचा तोल सांभाळणे, श्वासाची लय आणि चाप दाबण्याची पद्धत यांवर प्रशिक्षकांनी माझ्याकडून पुष्कळ मेहनत करून घेतली आहे. आता मला लांब पल्ल्याची नेमबाजी शिकायची आहे. कागदी लक्ष्यावर, झोपून, बायपॉडच्या (नळीखालच्या दोन पायांच्या टेकणीच्या) आधाराने आणि स्कोप (नेमाची दुर्बीण) लावून 600 मीटरपर्यंत, व पुढे जमल्यास 1000 मीटरपर्यंत जावे, असा विचार आहे. परवाना आणि रेंजचे सदस्यत्व यांची कायदेशीर पूर्तता झालेली असल्यामुळे तो भाग येथे विचारात घेऊ नये.

माझी अडचण अशी की, ज्याला विचारावे तो एखाद्या काडतुसाचे नाव सांगतो आणि संभाषण तेथेच संपते. कोणी .308 म्हणतो, कोणी 6.5 क्रीडमूर म्हणतो. एका अनुभवी सदस्यांनी मात्र वर्षभर .22 (लहान काडतुसाची रायफल) सोडून कशालाही हात लावू नये असे बजावले, आणि 50 मीटरच्या रायफलने 1000 मीटरची तयारी कशी होणार हे मला उमगले नाही. पैसे मर्यादित आहेत, म्हणून ते रायफलवर अधिक घालावेत की स्कोपवर, हाही प्रश्न आहे. शिवाय सगळे जण वाऱ्याविषयी बोलतात. पण वारा वाचणे नेमके शिकायचे कसे, हे कोणी सांगत नाही. कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

दूरलक्ष्य

आपल्याला .22 चा सल्ला देणाऱ्या सदस्यांशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त त्यांनी सांगायचे राहून गेलेले कारण मी सांगतो.

लांब पल्ला मीटरमध्ये मोजण्याची आपल्याला सवय असते. परंतु नेमबाजाला स्कोपवर जी दुरुस्ती द्यावी लागते ती कोनात असते. .22 लाँग रायफलची साधी, ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे 325 मीटर वेगाने निघते. रायफल 50 मीटरवर झिरो केलेली असेल, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवलेली असेल, तर ही गोळी 200 मीटरवर नेमाच्या रेषेच्या सुमारे दीड मीटर खाली लागते, म्हणजे स्कोपवर साधारण 8 मिल (मिल हे कोनाचे माप) चढवावे लागतात. 100 मीटरवर झिरो केलेल्या .308 ला जवळपास तितकीच दुरुस्ती 800 मीटरच्या आसपास लागते. वाऱ्याचेही तसेच आहे. आडव्या वाऱ्यासाठी .22 ला 200 मीटरवर जितके मिल द्यावे लागतात, तितकेच साधारणपणे मोठ्या काडतुसाला सातशे-आठशे मीटरवर द्यावे लागतात. याचा अर्थ असा की, 200 मीटरच्या रेंजवर आपल्याला दूरच्या पल्ल्यातील बहुतेक सर्व अडचणी लहान मापात भेटतात, आणि त्याही प्रत्येक काडतुसामागे फार थोड्या खर्चात. लांब पल्ल्यात खरा खर्च काडतुसांचा असतो. रायफल एकदाच घ्यावी लागते.

दुसरे कारण धक्क्याचे. एअर रायफलवर शिकलेल्या माणसाला मोठ्या रायफलचा धक्का आणि आवाज यांची सवय नसते. पहिल्याच महिन्यात खांद्याने धक्क्याची वाट पाहायला सुरुवात केली, की चाप दाबण्याच्या क्षणी शरीर आपोआप आखडते, आणि ही खोड जडायला दोन दिवस व सुटायला दोन वर्षे लागतात. माझ्या बाबतीत हे घडले आहे. मी थेट मोठ्या रायफलने सुरुवात केली होती, आणि गोळ्या खाली उजवीकडे का जातात याचा शोध घेत आधी स्कोप बदलला, मग काडतुसे बदलली. शेवटी एका वडीलधाऱ्या नेमबाजांनी मला न सांगता चेंबर रिकामे ठेवून रायफल हातात दिली, तेव्हा चाप दाबताच नळी खाली झुकलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. त्यानंतर तीन महिने मी रोज रिकाम्या रायफलीवर चाप दाबण्याचा सराव केला.

आपल्या एअर रायफलच्या अनुभवाला कमी लेखू नका. 10 मीटरच्या टार्गेटवरील दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो गाठण्यासाठी आपण जो संयम कमावला आहे, विशेषतः गोळी सुटल्यानंतरही नजर आणि शरीर क्षणभर तसेच ठेवण्याची सवय, ती येथे जशीच्या तशी उपयोगी पडते. नवीन शिकायची आहे ती झोपून घ्यायची मांड. शरीर रायफलीच्या सरळ मागे असावे, दस्त्याखालची मागची पिशवी डाव्या हाताने दाबून उंची साधावी, आणि मुख्य म्हणजे स्नायूंनी रायफल लक्ष्यावर ओढून धरू नये. डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत, डोळे उघडावेत; नेमाची फुली लक्ष्यावरून सरकलेली दिसली, तर हाताने नव्हे, तर कंबर आणि पाय हलवून सबंध शरीर फिरवावे. ही एक गोष्ट अंगवळणी पडली, की उरलेले पुष्कळसे आपोआप जागेवर येते.

लोखंडी_बोल्ट

दूरलक्ष्य यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. .22 वर एक हंगाम घालवावा हे ठीक. परंतु 'वर्षभर दुसऱ्या कशाला हात लावू नये' हा आग्रह मला पटत नाही. .22 ची गोळी सुरुवातीपासूनच ध्वनीच्या वेगाच्या आसपास किंवा त्याखाली असते. तर मोठ्या काडतुसाची गोळी ध्वनीच्या दुपटीहून अधिक वेगाने निघून दूरवर हळूहळू त्या वेगाजवळ येते. तो टप्पा ओलांडताना तिच्या स्थिरतेत काय होते, हे .22 शिकवू शकत नाही. धक्का सोसूनही नजर स्कोपमध्ये ठेवणे आणि स्वतःची गोळी कोठे लागली ते स्वतः पाहणे, हेही मोठ्या रायफलीवरच शिकावे लागते.

काडतुसाच्या निवडीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती चर्चा तिच्या योग्यतेपेक्षा फार अधिक चालते. .308 विंचेस्टर 1952 मध्ये बाजारात आले. 6.5 क्रीडमूर 2007 मध्ये आले. त्याचे नाव न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडवरच्या त्या जुन्या क्रीडमूर रेंजवरून पडले, जेथे 1876 मध्ये पाल्मा करंडकाची पहिली स्पर्धा झाली. पाल्मा प्रकारात आजही 800, 900 आणि 1000 यार्डांवर, दुर्बीण न लावता, .308 ने नेमबाजी होते. त्यामुळे .308 जुने झाले म्हणून निकामी झाले, असे कोणी म्हणाल्यास ऐकू नये. .308 ची नळी साधारण पाच हजार गोळ्यांपर्यंत चांगली राहते, 6.5 क्रीडमूरची दोन ते तीन हजारांपर्यंत. उलट 6.5 ची गोळी सडपातळ असल्याने हवा तिला कमी अडवते, धक्का कमी बसतो, आणि 1000 यार्डांवर ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा .308 च्या 175 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळीला सुमारे अडीच मीटर ढकलतो, तेथे 6.5 ची 140 ग्रेनची गोळी सुमारे पावणेदोन मीटरच सरकते. नवशिक्याने यांपैकी जे काडतूस आपल्या भागात सातत्याने, एकाच बनावटीचे आणि चांगल्या प्रतीचे मिळते ते निवडावे. तयार मॅच काडतुसे, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेली, वापरावीत. स्वतः काडतुसे भरण्याचा नाद पहिल्या वर्षी तरी लावून घेऊ नये, कारण गोळी चुकली तर दोष हाताचा की भरणीचा, हे कळणार नाही.

पहाटपाखरू

दोघांचेही मनापासून आभार. क्लबमध्ये एक जुनी .22 बोल्ट रायफल सदस्यांना वापरायला मिळते, तिच्यापासून सुरुवात करण्याचे मी ठरवले आहे. पुढे मोठी रायफल घेईन तेव्हा तिच्यावर चढवता येईल असाच स्कोप आताच घ्यावा, असे मनात आहे. त्यात काय पाहावे? मिल आणि एमओए यांतील कोणते माप चांगले? आणि पॅरॅलॅक्स म्हणजे नेमके काय, हे मला वाचूनही नीटसे समजलेले नाही.

दूरलक्ष्य

स्कोप आधी घेण्याचा निर्णय योग्य आहे. साधी कारखान्यातली रायफल आणि विश्वासू स्कोप ही जोडी उत्तम रायफल आणि बेभरवशाचा स्कोप या जोडीपेक्षा केव्हाही सरस ठरते.

मिल आणि एमओए ही दोन्ही कोनांचीच मापे आहेत. एक मिल म्हणजे 100 मीटरवर 10 सेंटीमीटर; त्यामुळे स्कोपवर दुरुस्ती देण्यासाठी फिरवायच्या चकतीचा 0.1 मिलचा एक टप्पा म्हणजे 100 मीटरवर 1 सेंटीमीटर आणि 500 मीटरवर 5 सेंटीमीटर. एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, 100 मीटरवर सुमारे 2.9 सेंटीमीटर. मीटरमध्ये विचार करणाऱ्याला मिल सोयीचे वाटते, एवढाच काय तो फरक. परंतु चकती आणि आतील रेघा दोन्ही एकाच मापाच्या असाव्यात, याबाबत तडजोड करू नये. रेघा मिलमध्ये आणि चकती एमओएमध्ये असलेले स्कोप अजूनही विकले जातात, आणि वारा बदलत असताना मनातल्या मनात भागाकार करणे कोणालाही जमत नाही. मोठेपणा (प्रतिमा किती पट मोठी दिसते ते) कितीही ठेवला तरी रेघांचे माप खरे राहावे यासाठी पहिल्या प्रतलातील, म्हणजे फर्स्ट फोकल प्लेन प्रकारचा स्कोप घ्यावा. मोठेपणाच्या आकड्याला फार भुलू नये. उन्हाच्या झळा असताना 25 पट मोठेपणाला लक्ष्य पाण्याखाली ठेवल्यासारखे डुलते, आणि बहुतेक जण शेवटी 12 ते 16 पटींवर येऊन थांबतात.

पॅरॅलॅक्स समजण्यासाठी असे करा. रायफल पिशव्यांवर पक्की ठेवा, तिला स्पर्श न करता स्कोपमधून पाहा आणि डोके किंचित वरखाली हलवा. फुली लक्ष्यावरून सरकताना दिसली, तर लक्ष्याची प्रतिमा आणि फुली स्कोपच्या आत एकाच प्रतलात पडत नाहीत. बाजूची चकती फिरवत राहा. डोके हलवूनही फुली जागची हलेनाशी झाली की थांबा. चकतीवर छापलेल्या अंतरापेक्षा ही चाचणी अधिक खरी असते.

स्कोप बसवल्यावर दोन गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. पहिली म्हणजे चकती खरी चालते का. 100 मीटरवर उभी रेघ आखलेला उंच कागद लावा, 10 मिल चढवा, आणि फुली बरोबर एक मीटर सरकली का ते टेपने मोजा. मग परत आणा आणि ती पहिल्या जागी आली का ते पाहा. दुसरी म्हणजे रायफलीचा तिरकेपणा. 1000 मीटरवर साधारण 12 मिल चढवलेले असताना रायफल फक्त एका अंशाने कलली, तरी गोळी सुमारे 20 सेंटीमीटर बाजूला जाते. नेमबाज तो दोष वाऱ्याला देतो आणि चुकीची दुरुस्ती शिकतो. स्कोपच्या नळीवर बसवायची छोटी पाणसळ स्वस्त असते. ती पहिल्या दिवसापासून लावा.

वातकुक्कुट

प्रश्नातील वाऱ्याच्या भागाला अद्याप उत्तर मिळालेले नाही. माझ्या मते लांब पल्ल्याची विद्या म्हणजे मुख्यतः हाच भाग, म्हणून मी थोडे लांबण लावणार आहे.

गुरुत्वाकर्षण रोज सारखेच असते. गोळीचा वेग, हवेचा दाब आणि तापमान मोजून मोबाइलमधील गणकयंत्राला दिले, की किती मिल चढवायचे हे ते जवळजवळ अचूक सांगते. वाऱ्याचे तसे नाही. तो नळीजवळ एक असतो, मधल्या घळीत दुसरा असतो आणि लक्ष्यापाशी तिसरा.

आधी एक गैरसमज दूर करावा लागेल. गोळी जितका वेळ हवेत असते तितका वेळ वारा तिला ढकलत राहतो, असे सर्वांना वाटते, आणि म्हणून वेगवान गोळी नेहमी कमी सरकेल असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात गोळीचे सरकणे तिच्या विलंबावर ठरते. हवा नसती तर गोळीला लक्ष्यापर्यंत जितका वेळ लागला असता तो प्रत्यक्ष वेळेतून वजा करा, आणि उरलेल्या वेळेला आडव्या वाऱ्याच्या वेगाने गुणा. सेकंदाला 790 मीटर वेगाने निघालेल्या .308 च्या गोळीला 1000 यार्ड, म्हणजे 914 मीटर जायला सुमारे 1.7 सेकंद लागतात. हवा नसती तर सुमारे 1.16 सेकंद लागले असते. विलंब साधारण 0.55 सेकंदाचा. वारा सेकंदाला 4.5 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 16 किलोमीटर असेल, तर गुणाकार अडीच मीटरच्या जवळ येतो, आणि लोखंडी_बोल्ट यांनी दिलेला आकडाही तोच आहे. याच हिशेबाने .22 ची अतिवेगवान गोळी ध्वनीखालच्या मंद गोळीपेक्षा वाऱ्यात अधिक सरकते, कारण ध्वनीच्या वेगाजवळ हवा तिचा वेग झपाट्याने खाऊन टाकते आणि विलंब वाढतो. नव्या माणसाला हे खरे वाटत नाही. 100 मीटरवर दोन्ही काडतुसे शेजारी शेजारी मारून पाहावीत.

दिशेचा हिशेब सोपा आहे. नव्वद अंशांतून येणारा वारा पूर्ण धरावा, नेमाच्या रेषेशी तीस अंशांचा कोन करणारा निम्मा आणि पंचेचाळीस अंशांचा सुमारे सात दशांश. समोरून किंवा पाठीमागून येणारा वारा निरुपद्रवी वाटतो, पण तोच सर्वांत फसवा असतो, कारण त्याने थोडीशी कूस बदलली की शून्याचा एकदम पाव किंवा निम्मा होतो.

आता वाचायचे कसे. रेंजवर निशाणे असतील तर ती पाहावीतच, परंतु उन्हाच्या झळा हे अधिक नाजूक साधन आहे. जमिनीवर ठेवलेली निरीक्षणाची दुर्बीण लक्ष्यावर जुळवा, आणि मग तिचा फोकस किंचित अलीकडे आणा. झळा आडव्या वाहताना दिसू लागतील. मंद वाऱ्यात त्या लाटांसारख्या तिरप्या चालतात, वारा वाढला की सपाट होऊन धावतात, आणि वारा थांबला किंवा अगदी समोरून वा मागून आला की आधणाच्या पाण्यासारख्या सरळ वर उसळतात. ही उसळी दिसली, की मी गोळी मारत नाही; वारा दिशा बदलण्याच्या बेतात असल्याची ती खूण असते. वारा फार जोराचा झाला की झळांवरून त्याचा वेग ओळखता येत नाही. तेव्हा गवत, झाडांची पाने आणि निशाणे यांच्याकडे वळावे. सर्व ठिकाणी वारा सारखाच असेल तर नळीजवळच्या वाऱ्याचा परिणाम अधिक होतो, कारण तेथे मिळालेला कलाटणीचा कोन शेवटपर्यंत सोबत राहतो. परंतु दूरच्या पल्ल्यात गोळी मध्यावर नेमाच्या रेषेच्या पुष्कळ वर असते आणि तेथे वारा बहुधा जमिनीलगतपेक्षा जोराचा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

सराव असा करा. वाऱ्याचा वेग मोजणारे हातातले छोटे यंत्र घ्या, पण ते आधी पाहू नका. गाल, गवत आणि झळा यांवरून अंदाज वहीत लिहा, मगच यंत्र पाहा आणि तो आकडा शेजारी लिहा. रेंजवर जाण्याची गरज नाही. चालायला निघाल्यावरही हे करता येते. मी दोन हंगाम असे केले, आणि माझा अंदाज सेकंदाला एक मीटरच्या आत येऊ लागला, तेव्हा कोठे मला 800 मीटरवर स्वतःच्या दुरुस्तीवर भरवसा वाटू लागला.

निरीक्षक

मी रेंजवर सुरक्षेचे काम पाहतो, म्हणून एवढेच सांगतो. .22 ला खेळणे समजू नये. तिची गोळी दीड किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते, आणि ती खडकावरून किंवा पाण्यावरून उसळते. मागे मातीचा पक्का बांध नसेल तेथे कोणत्याही काडतुसाने नेम धरू नये. मोठ्या रायफलीचा आवाज 160 डेसिबलच्या आसपास असतो आणि 140 च्या वरचा एकच धमाका कानाला कायमची इजा करू शकतो. कानात बोळे घालून त्यांवर इयरमफ चढवावेत, आणि शेजारच्या नेमबाजाच्या रायफलीला मझल ब्रेक (धक्का कमी करण्यासाठी नळीच्या तोंडावर बसवलेला, पण आवाज बाजूला फेकणारा भाग) असेल तर त्याची जाणीव विशेष ठेवावी. रिकाम्या रायफलीचा सराव करताना काडतुसे त्या खोलीतही नसावीत.

पहाटपाखरू

सात आठवड्यांनी परत लिहीत आहे. तीन गोळ्यांचे ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचे पुंजके) मारणे सोडले आणि दहा गोळ्यांवरच निष्कर्ष काढू लागलो. 100 मीटरवर ग्रुप साधारण 3 सेंटीमीटरचा, बऱ्यापैकी गोल येतो. 200 मीटरवर मात्र पहाटे वारा जवळजवळ नसतानाही रुंदी 7 सेंटीमीटर आणि उंची 14 सेंटीमीटर येते. ग्रुप उभा ताणला जातो. मांड चुकते आहे, श्वास चुकतो आहे, की आणखी काही?

दूरलक्ष्य

रुंदी अंतराच्या प्रमाणात वाढली आहे, म्हणजे चाप आणि मांड या बाजूने फारसे बिघडलेले नाही. उंची वाढण्याचे पहिले संशयित काडतूस आहे. .22 च्या एकाच डब्यातील गोळ्यांच्या वेगात सेकंदाला 10 मीटरचा फरक सहज असतो. 100 मीटरवर त्यामुळे दोन-अडीच सेंटीमीटरच फरक पडतो आणि तो ग्रुपमध्ये लपून जातो. 200 मीटरवर तोच सुमारे 10 सेंटीमीटर होतो. दुसरा संशयित मागची पिशवी. हाताचा दाब प्रत्येक वेळी वेगळा पडला तरी गोळ्या उभ्याच पसरतात.

हे वेगळे करण्याचा मार्ग आहे. क्लबचा क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) मागून घ्या. प्रत्येक गोळीनंतर, दुर्बिणीतून न पाहता, चाप सुटला त्या क्षणी फुली कोठे होती ते वहीत लिहा. मग वेग लिहा. मग गोळी कोठे लागली ते पाहा. मंद गोळ्या खाली आणि वेगवान गोळ्या वर लागल्या असतील तर दोष काडतुसाचा, आणि दुसऱ्या बनावटीच्या, शक्यतो एकाच लॉट क्रमांकाच्या (एकाच खेपेत बनलेल्या) मॅच काडतुसांचे चार-पाच डबे तपासून पाहावे लागतील. वेग आणि उंची यांचा मेळ बसला नाही, तर दोष आपल्या हाताचा आहे.

पहाटपाखरू

काल पहाटे तसे केले. दहा गोळ्यांत सर्वांत मंद 319 आणि सर्वांत वेगवान 330 मीटर प्रतिसेकंद. सर्वांत खाली लागलेल्या चारांपैकी तीन त्या दहांतल्या सर्वांत मंद तीन गोळ्याच होत्या. चौथीचा वेग मात्र 327 होता, आणि वहीत तिच्यासमोर दुर्बीण पाहण्याआधीच मी लिहून ठेवले होते: 'फुली खाली, पिशवीवरची मूठ सैल पडली.' नव्या लॉटचे पाच डबे मागवले आहेत, आणि ते येईपर्यंत मुठीचा सराव रिकाम्या रायफलीवर करीत आहे.